थांबा म्हणणारे आठ जण

शनिवार सकाळ. बायको मुलीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली आहे, चहाचा दुसरा कप संपत आलाय आणि ऑफिसचा फोन मी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवून आलोय. गेले चार-पाच वीकेंड एकाच विषयावरचं वाचन चाललंय, ते आज लिहून काढायचं ठरवलंय. विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. हलकंफुलकं वाचायला आला असाल तर मागचा मिसळीवरचा लेख अजून तिथेच आहे :)

सुरुवात कुठून झाली ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने मला अटलांटाला पाठवलं होतं. 'ऑनसाइट' या शब्दाला तेव्हा लग्नाच्या बाजारात वजन होतं. तिथे पोचल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्या देशी ग्रुपने मला स्टोन माउंटनचा लेझर शो दाखवायला नेलं. ग्रॅनाइटचा अवाढव्य डोंगर, त्यावर कोरलेले तीन घोडेस्वार, समोर हिरवळीवर चटया टाकून बसलेली कुटुंबं. आम्ही पुलाव आणि कोशिंबीर खाल्ली, फोटो काढले, घरी आलो. ते तीन घोडेस्वार गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचे पुढारी आहेत हे मला नंतर कळलं. आणि त्याहून नंतर कळलं की १९१५ साली थँक्सगिव्हिंगच्या रात्री याच डोंगरावर क्रूस पेटवून कू क्लक्स क्लॅनचं पुनरुज्जीवन केलं गेलं होतं. पेटवणाऱ्यांचा म्होरक्या विल्यम सिमन्स. हा माणूस पूर्वी मेथडिस्ट चर्चचा प्रचारक होता!

इथे माझं डोकं अडकलं. मी ख्रिश्चन नाही. पण क्रूस म्हणजे काय एवढं मलाही ठाऊक होतं. सरकारने आणि जमावाने मिळून हाल करून मारलेल्या एका निरपराध माणसाची ती खूण. ती खूण पेटवून दुसऱ्या निरपराध माणसांना घाबरवायचं हे डोक्यात येतं तरी कसं? आणि ज्यांना घाबरवायचं तेही रविवारी त्याच क्रूसासमोर गुडघे टेकतात. पुस्तक एक, प्रार्थना एक, देव एक. मग आउटपुट इतकं वेगळं कसं?

आमच्या धंद्यात अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात: दोघांकडे एकच व्हर्जन आहे का?

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), एका बाबतीत खरोखरच नव्हतं. १८०७ साली लंडनमध्ये गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांवरच्या गुलामांसाठी निवडक वेचे, असं त्याचं स्वरूप. त्यात जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ निम्मा भाग नाही. काय गाळलं ते पाहिलं की हेतू लगेच कळतो. मोशे गुलामांना इजिप्तमधून सोडवून बाहेर काढतो तो भाग गायब. ख्रिस्तात गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही, असं पौल सांगतो ते वाक्य गायब. मात्र योसेफला त्याच्या भावांनी गुलाम म्हणून विकलं आणि तरी तो प्रामाणिक राहिला, ही गोष्ट ठेवली आहे. गुलामांनी धन्याचं ऐकावं, हेही ठेवलंय. म्हणजे दोन फायलींचा 'डिफ' काढावा आणि कोड बदलणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यात स्वच्छ दिसावं, तसा प्रकार. या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती आज शिल्लक आहेत. त्यातली एक अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाकडे आहे.

पण हे वाचून 'सापडला बग!' असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांकडे बायबल पूर्ण होतं. एक शब्दही न गाळलेलं. आणि तरी १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही स्वतंत्र संघटना निघाली ती याच भांडणातून, की गुलाम बाळगणाऱ्या माणसाला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही. दक्षिणेचं म्हणणं, का नाही पाठवायचं? या भूमिकेबद्दल संघटनेने जाहीर माफी मागितली ती १९९५ साली. बरोबर दीडशे वर्षांनी. म्हणजे कात्री लावलेलं पुस्तक ही फार तर प्रामाणिक लबाडी म्हणायची. खरी कात्री वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असते.

तर त्या अटलांटाच्या मुक्कामात एका शनिवारी मी भाड्याची गाडी काढून एकटाच बर्मिंगहॅमला गेलो. साधारण दीडशे मैल, आय-ट्वेंटीने सरळ पश्चिमेला. अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जातं. (याच्यावर कोटी करायचा मोह होतोय, पण आवरतो.)

बर्मिंगहॅम हे पोलादाचं शहर. १८७१ मध्ये वसलं, लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात म्हणून भराभर वाढलं. १९५० आणि ६० च्या दशकांत मात्र त्याला दुसरंच टोपणनाव पडलं होतं, 'बॉम्बिंगहॅम'. काळ्या माणसाने गोऱ्या वस्तीच्या हद्दीवर घर घेतलं की बॉम्ब. पाद्र्याने समान हक्कांबद्दल तोंड उघडलं की बॉम्ब. फ्रेड शटल्सवर्थ नावाचे एक बॅप्टिस्ट पाद्री होते. १९५६ च्या नाताळच्या रात्री त्यांचं घर ते आत असतानाच डायनामाइटने उडवलं. ते ढिगाऱ्यातून चालत बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे शहर बसमध्ये गोऱ्यांच्या जागेवर बसायला गेले. पुढच्या वर्षी मुलींना गोऱ्यांच्या शाळेत घालायला गेले तेव्हा जमावाने साखळ्यांनी मारलं. या दोन दशकांतली बरीच वर्षं शहराच्या सुरक्षेचा मुख्य अधिकारी होता बुल कॉनर, म्हणजे पोलीस आणि अग्निशमन दल दोन्ही त्याच्या हाताखाली. हे नाव लक्षात ठेवा.

शटल्सवर्थनीच मार्टिन ल्यूथर किंगना बर्मिंगहॅमला बोलावलं. १९६३ च्या एप्रिलमध्ये मोहीम सुरू झाली. दुकानांवर बहिष्कार, उपाहारगृहांत जाऊन बसणं, मोर्चे. कोर्टाने मोर्च्यांना मनाई केली. ती मोडून किंगनी १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, अटक करवून घेतली. त्यांना एकट्याला कोठडीत डांबलं.

आणि याच सुमारास बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात एक निवेदन छापून आलं. सह्या आठ धर्मगुरूंच्या. एपिस्कोपल, मेथडिस्ट, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट असे सात ख्रिस्ती आणि एक ज्यू रब्बी. आठही गोरे. म्हणणं थोडक्यात असं: ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळही बरोबर नाही. बाहेरची माणसं येऊन इथे वातावरण तापवताहेत. तक्रारी असतील तर कोर्टात न्या, वाटाघाटी करा. पोलिसांनी मात्र संयमाने काम केलं, त्यांचं कौतुक.

हे आठ जण कोण होते? मला वाटलं होतं, क्लॅनचे छुपे समर्थक असतील. अजिबात नाही. त्याच वर्षी जानेवारीत अलाबामाचा नवा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याने वंशभेद कायम राहील अशी गर्जना केली, तेव्हा याच आठ जणांनी इतर काही सहकाऱ्यांबरोबर त्याच्या विरोधात निवेदन काढलं होतं. कोर्टाचे निकाल पाळा, हिंसा करू नका, असं सांगितलं होतं. १९६३ च्या अलाबामात हे सांगायलाही धाडस लागत होतं. त्यांना शिव्यांची पत्रं आली होती. थोडक्यात, ही चांगली माणसं होती. समंजस. शिकलेली. आपल्यासारखी म्हणा ना.

त्यांच्याकडे मुद्दाही होता. एप्रिलच्या सुरुवातीलाच महापौरपदाच्या निवडणुकीत बुल कॉनर हरला होता. नवा महापौर त्या मानाने सौम्य होता. या नव्या माणसाला जरा वेळ तरी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

किंगनी हे निवेदन कोठडीत वाचलं आणि तिथेच उत्तर लिहायला घेतलं. आधी वर्तमानपत्राच्या समासात, मग मिळतील त्या चिठोऱ्यांवर, शेवटी वकिलांनी आणून दिलेल्या कागदांवर. ते तुकडे बाहेर नेऊन सहकाऱ्यांनी जुळवले, टाइप केले. पत्रावर तारीख आहे १६ एप्रिल १९६३. लांबी सुमारे सात हजार शब्द. ('लाँग ईमेल, सॉरी' असं लिहून चार ओळी पाठवणाऱ्या आपल्या पिढीने नोंद घ्यावी.) हाताशी एकही पुस्तक नसताना त्यात ऑगस्टीन आहे, अ‍ॅक्वायनस आहे, आगीत टाकलेले जुन्या करारातले तिघे आहेत, सॉक्रेटिस आहे.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं ते बर्मिंगहॅमहून परतल्यावर. तेव्हा नुसता भारावलो. आता पुन्हा वाचताना मात्र वाक्यावाक्याला थांबतोय, कारण या वेळी लक्षात आलं की हे पत्र क्लॅनला लिहिलेलंच नाही. ते त्या आठ चांगल्या माणसांना लिहिलंय. बाहेरचे का आलात, या प्रश्नावर ते म्हणतात, पौल तरी गावोगाव का फिरत होता? वेळ चुकीची आहे, यावर त्यांचा अनुभव असा की ज्याला सोसावं लागत नाही त्याच्या दृष्टीने कुठलीच वेळ कधी बरोबर नसते, आणि 'थांबा' या शब्दाचा अर्थ व्यवहारात बहुतेक वेळा 'कधीच नाही' असा निघतो. मग एक भलंमोठं वाक्य येतं, का थांबवत नाही ते सांगणारं. त्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी आहे. टीव्हीवर जाहिरात लागलेल्या बागेत आपल्याला का जाता येत नाही, असं विचारणारी.

आणि मग मुख्य घाव. ते म्हणतात, मला वाटायला लागलंय की काळ्या माणसाच्या वाटेतला मोठा अडसर क्लॅनवाला नव्हे, तर मवाळ गोरा माणूस आहे. ज्याला न्यायापेक्षा शांतता प्यारी आहे. जो म्हणतो, तुमचा मुद्दा मान्य, पद्धत मान्य नाही. आणि चर्चबद्दल ते अतिशय दुःखाने लिहितात. शत्रू म्हणून नाही, घरचा माणूस म्हणून. आजा-पणजा पाद्री असलेल्या माणसाच्या तोंडून ते येतं. इतक्या उंच मनोऱ्यांच्या चर्चमध्ये नेमकं पूजतात कोणाला, असा प्रश्न त्यांना प्रवासात पडायचा.

इथे मी पुस्तक मिटलं. का ते सांगायला हवं, नाहीतर हा लेख नुसता दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाचा रिपोर्ट होईल.

आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी दोन वर्षं खजिनदार होतो. एका बी विंगच्या फ्लॅटचे मालक दुबईत. त्यांनी मेल करून कळवलं की एक जोडपं भाड्याने यायचंय, दोघंही आयटीत, सोसायटीची एनओसी द्या. सेक्रेटरी काकांनी फॉर्म पाहिला, आडनाव वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "नको रे. आपल्याकडचं वातावरण तुला माहितीये. पार्किंगचं कारण दे आणि टाळ." पार्किंग रिकामं होतं. मला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. मी काय म्हणालो? "काका, हे बरोबर नाही... पण आत्ता एजीएम तोंडावर आहे, लिफ्टचा ठराव पास करून घ्यायचाय. त्यानंतर बघू." एवढं बोलून मी स्वतःवर खूशच होतो. निषेध नोंदवला ना! काका म्हणजे वाईट माणूस नव्हे हो, कोविडमध्ये अख्ख्या बिल्डिंगला भाजी आणून देत होते. एजीएम झाली, लिफ्ट आली. त्या जोडप्याने तोवर दुसरीकडे घर घेतलं. आमच्या बग ट्रॅकरमध्ये एक स्टेटस असतं, 'डिफर्ड'. बग मान्य, पुढच्या रिलीजमध्ये बघू. पुढच्या रिलीजमध्ये कोणीही बघत नाही, हे प्रत्येक डेव्हलपरला माहीत असतं.

त्या आठ जणांच्या खाली नववी सही माझी शोभली असती. असो.

पुढे काय झालं ते बघू. मे महिन्यात मोठी माणसं अटकेला कचरायला लागली, कारण नोकऱ्या जात होत्या. तेव्हा शाळकरी मुलं पुढे आली. २ मे १९६३ ला हजाराहून अधिक मुलांनी शाळा बुडवली आणि सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधून गटागटाने गाणी म्हणत बाहेर पडली. शेकडोंना पकडलं. दुसऱ्या दिवशी बुल कॉनरने मुलांवर पोलिसी कुत्रे आणि आगीच्या बंबाचे पाइप सोडले. ते फोटो जगभर छापून आले. मुलांना पुढे करणं योग्य होतं का? यावर तेव्हाही टीका झाली, माल्कम एक्सनेही केली. मला स्वतःला बाप म्हणून याचं उत्तर देता येत नाही. पण आठवडाभरात शहराच्या व्यापाऱ्यांशी समझोता झाला, हे खरं आहे. चर्चसमोरच्या केली इन्ग्रम पार्कमध्ये आज एका पायवाटेवर दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारे धातूचे कुत्रे बसवलेत. त्यांच्यामधून चालत जावं लागतं. मी गेलो. पुतळे आहेत हे माहीत असूनही पाय आपोआप लवकर उचलले गेले.

मग आला १५ सप्टेंबर १९६३, रविवार. त्या दिवशी त्याच चर्चमध्ये युवा रविवार होता. संडे स्कूलच्या धड्याचा विषय होता क्षमा करणारं प्रेम. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी पायऱ्यांखाली ठेवलेला डायनामाइट फुटला. तळघरातल्या खोलीत मुली आवरत होत्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, तिघीही १४ वर्षांच्या. डेनिस मॅकनेअर, ११ वर्षांची. चौघी गेल्या. अ‍ॅडी मेची धाकटी बहीण सेरा वाचली, पण तिचा एक डोळा गेला. त्याच दिवशी शहरात आणखी दोन काळी मुलं मारली गेली, एक पोलिसाच्या गोळीने, एक गोऱ्या पोरांच्या. चर्चच्या एका रंगीत काचेच्या खिडकीत येशूचं चित्र होतं. खिडकी बरीचशी टिकली, फक्त येशूचा चेहरा उडाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातल्या तरुण व्यावसायिकांच्या एका क्लबमध्ये चार्ल्स मॉर्गन नावाचा गोरा वकील बोलायला उभा राहिला. वय ३३. बॉम्ब कोणी ठेवला, असं सगळे विचारताहेत, तो म्हणाला, आणि उत्तर आहे, आपण सगळ्यांनी. मग त्याने एकेकाचं नाव न घेता यादीच वाचली. विनोद सांगणारा, विनोदाला हसणारा, गप्प बसणारा, पुढारी, पाद्री. त्यानंतर त्याला धमक्या सुरू झाल्या. त्याला वकिली गुंडाळून शहर सोडावं लागलं. या माणसाचं नाव माझ्या ओळखीच्या कोणालाच माहीत नाही, मलाही नव्हतं. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

त्या आठ जणांचं काय झालं? जोनाथन बास या इतिहासकाराने २००१ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते मी याच वाचनात वाचलं. किंगचं पत्र जगभर शाळा-कॉलेजांत लागलं आणि हे आठ जण त्यातले 'ते' म्हणून उरले. काहींना ही सल आयुष्यभर पुरली. पण सगळे जागच्या जागी राहिले नाहीत. बॅप्टिस्ट पाद्री अर्ल स्टॉलिंग्जनी त्याच ईस्टरला आपल्या गोऱ्या चर्चमध्ये काळ्या भाविकांना बसवून घेतलं होतं. किंगनी पत्रात त्याबद्दल त्यांचं कौतुकही केलंय. पण निवेदनावर सही आहे म्हणून एक बाजू नाराज, काळ्यांना आत घेतलं म्हणून दुसरी. कॅथलिक बिशप जोसेफ ड्युरिक तर पुढे टेनेसीत नागरी हक्कांच्या बाजूने उघड उभे राहिले आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. म्हणजे बग 'डिफर्ड' झाला तरी तो पुन्हा उघडता येतो. मला या गोष्टीने जरा धीर आला.

आता माझा सुरुवातीचा प्रश्न, एकच क्रूस आणि दोन अर्थ. याला मला सापडलेलं सगळ्यात ठाम उत्तर जेम्स कोन यांचं. हे अर्कान्सासमध्ये वाढलेले काळे धर्मशास्त्रज्ञ, न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत आयुष्यभर शिकवलं, २०१८ मध्ये वारले. २०११ मध्ये त्यांचं क्रूस आणि लिंचिंगचं झाड यांवरचं पुस्तक आलं. लिंचिंग म्हणजे जमावाने पकडून, बहुतेकदा झाडाला टांगून मारणं. इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने १८७७ ते १९५० या काळातले अशा प्रकारचे चार हजारांहून जास्त बळी नोंदवलेत. बघायला गर्दी जमायची, पोरंबाळं घेऊन लोक यायचे, फोटोंची पोस्टकार्डं छापून नातेवाइकांना धाडली जायची. त्यातले बरेच जण रविवारी चर्चमध्ये असायचे.

कोन यांचं म्हणणं साधं आहे. क्रूस म्हणजे पहिल्या शतकातलं लिंचिंग. गावाबाहेर, सगळ्यांच्या देखत, इतरांना दहशत बसावी म्हणून दिलेलं मरण. काळ्या माणसांना हे सांगावं लागलं नाही. त्यांच्या गाण्यांत, प्रवचनांत ते होतंच. पण अमेरिकेतल्या मोठमोठ्या गोऱ्या धर्मशास्त्रज्ञांनी क्रूसावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आणि समोरचं झाड त्यांना दिसलं नाही. राइनहोल्ड नीबूर यांच्यावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलंय. नीबूर काही क्षुद्र माणूस नव्हता, त्यांच्याकडून खुद्द किंग शिकले. म्हणूनच ते प्रकरण टोचतं. एवढी बुद्धी, एवढी सहानुभूती, आणि तरी हे दोन ठिपके जोडता आले नाहीत. सोन्याचा मुलामा देऊन गळ्यात घातलं की क्रूसाचं मरण दिसेनासं होतं, असं काहीसं माझ्या मनात आलं.

मग क्षमेचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. १७ जून २०१५ ला चार्ल्सटनमधल्या इमॅन्युएल चर्चमध्ये एक गोरा तरुण बायबल अभ्यासाला येऊन बसला, लोकांनी त्याला जागा दिली, आणि त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी कोर्टात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं. सगळं जग गहिवरलं. मीही गहिवरलो होतो. आता वाटतं, त्यात माझी सोय होती का? बळी पडलेल्याने लवकर क्षमा केली की बघणाऱ्याला मोकळं होता येतं. क्षमा करायची की नाही हा ज्याचा घाव त्याचा अधिकार. आपण त्याच्या वतीने टाळ्या वाजवून फाइल बंद करू नये.

कारण बर्मिंगहॅमची फाइल किती वर्षं उघडी होती बघा. एफबीआयकडे १९६५ मध्येच चार संशयितांची नावं होती. खटला झाला नाही. रॉबर्ट चॅम्ब्लिसला शिक्षा झाली १९७७ मध्ये. थॉमस ब्लँटनला २००१ मध्ये. बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये. चौथा संशयित १९९४ मध्ये खटला न होताच मेला. आणि डोळा गमावलेल्या सेरा कॉलिन्स यांची अलाबामाच्या गव्हर्नरने लेखी माफी मागितली ती २०२० साली. ५७ वर्षांनी. 'थांबा' म्हणजे किती, याचा हा हिशेब.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. आपला काय संबंध? आहे, आणि जुना आहे. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. आपल्या देशबांधवांनीही तसाच धडा घ्यावा, या आशेने. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी काळ्या अमेरिकनांचे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून सांगितलं की दोघांची स्थिती किती सारखी आहे. १९५९ मध्ये किंग भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी दलित मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. किंगनी ही आठवण १९६५ मधल्या एका प्रवचनात सांगितली. आधी त्यांना धक्का बसला, राग आला. मग वाटलं, खरंच की.

आणि इथल्या चर्चनेही सुटका मिळवली नाही. जात बाहेर ठेवून आत येता येतं, असं मानून कित्येक जण तिथे गेले. जात त्यांच्याआधी जाऊन बाकावर बसली होती. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणपत्रात चर्चमध्येही अस्पृश्यता आहे हे कबूल केलं. कबूल केलं हे महत्त्वाचं. आपल्या किती संस्थांनी केलंय?

बर्मिंगहॅमच्या त्या चर्चमध्ये आता एक वेगळी खिडकी आहे. बॉम्बची बातमी वेल्समध्ये पोचली तेव्हा जॉन पेट्स नावाच्या काचचित्रकाराने खिडकी करून द्यायचं ठरवलं. तिथल्या एका वर्तमानपत्राने वर्गणी गोळा केली. अट एकच, कोणी अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त द्यायचं नाही. एका श्रीमंताने पैसे टाकून मोकळं व्हायला नको, सगळ्यांची खिडकी व्हायला हवी. १९६५ मध्ये ती बसली. त्यात काळा ख्रिस्त आहे, हात पसरलेला. एक हात अन्याय थोपवणारा, दुसरा क्षमा देणारा. खाली मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाक्य आहे. लहानातल्या लहान माणसाशी तुम्ही जसं वागता तसं माझ्याशीच वागता, अशा अर्थाचं. दोन हात आहेत, हे मला फार बरं वाटतं. एकावर भागत नाही.

राहता राहिलं आमच्या सोसायटीचं. गेल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. एनओसीसाठी रजिस्टर्ड करार आणि पोलीस व्हेरिफिकेशन एवढंच मागायचं, आडनाव-आहार काही विचारायचं नाही, असा लेखी नियम करा म्हटलं. दीड तास वादावादी झाली. "तू बाहेरचं वाचून आम्हाला शिकवू नकोस," असं एक जण म्हणालेच. नियम झाला, काठावर. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आणि ते जोडपं काही परत येणार नाही. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मी कधी विचारलंही नाही.

गेटचा आवाज आला. पोहणारी मंडळी परतली बहुतेक. उपम्याचं मी कबूल केलं होतं, आणि रवा अजून भाजलेला नाही.